स्वमत कसे पाठ करावे?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. गुण ३. ‘तुमचे मत लिहा’ एवढेच वाचून काही भाबडी मुले परीक्षागृहात खरोखरच विचार करू लागतात आणि मागचे २४ गुणांचे उपयोजित लेखन अर्धवट राहते. त्या मुलांसाठी, दहावीतून सुखरूप बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याकडून हे मार्गदर्शन.

साहित्य : एक डायजेस्ट (मोठ्या बहिणीचे असले तरी चालेल, मते तीच असतात), क्लासच्या नोट्सची झेरॉक्स, अपेक्षित प्रश्नसंच आणि अधोरेखनासाठी टोक केलेली पेन्सिल.

स्वतःचे मत आधीपासून असल्यास ते जूनमध्येच काढून टाकावे. सहामाहीपर्यंत राहिले तर अंगात भिनते. माझ्या एका मित्राने पूर्वपरीक्षेत ‘लेखकाचे म्हणणे मला पटत नाही’ असे लिहून पुढे तीन कारणे दिली होती. त्याला एक गुण मिळाला आणि शेजारी लाल शाईत ‘मुद्देसूद लिहा’ असा शेरा. त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलाने डायजेस्टमधले मत स्वल्पविरामांसकट उतरवले. त्याला तीन.

सुरुवात ‘माझ्या मते’ने करावी. त्यानंतर मत सरांचे. शेवटच्या ओळीत ‘प्रत्येकाने’ आणि ‘आपले कर्तव्य’ हे शब्द यावेत. मधल्या ओळी फारसे कोणी वाचत नाही.

कल्पनाप्रधान निबंधाची तयारी मात्र निराळी, कारण तिथे कल्पनाही पाठ करावी लागते. ‘परीक्षा नसत्या तर...’ हा विषय आमच्या आईच्या वेळेपासून चालत आला आहे. पहिल्या परिच्छेदात आनंद : पहाटेचा गजर नाही, टक्केवारी विचारणारे शेजारी नाहीत. दुसऱ्यात मैदान, चित्रकला आणि आजोळ. तिसऱ्यात अचानक पश्चात्ताप : परीक्षाच नसतील तर हुशार कोण आणि ढ कोण हे कळणार कसे? चौथ्यात परीक्षेचे आभार. हा पश्चात्ताप विसरू नये. शाळा, क्लास, डायजेस्ट आणि घरचे या चौघांचे एकमत होण्याची ही एकच जागा आहे. दोन परिच्छेद कल्पनेत रमलेला विद्यार्थी शेवटी आपण होऊन पिंजऱ्यात परत आला की तपासणाऱ्यालाही हायसे वाटते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. वक्तृत्व स्पर्धेत ‘नवे धोरण : माझे मत’ हा विषय हमखास येतो. भाषण बाई लिहून देतील, आपण हातवारे तेवढे बसवावेत. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरणाला मंजुरी दिली. १०+२ गेले, ५+३+३+४ आले. लय असल्याने हे लवकर पाठ होते. बोर्डाच्या परीक्षांमुळे मुले क्लासकडे वळतात, म्हणून घोकंपट्टीऐवजी आकलन तपासावे, असे धोरणातच म्हटले आहे. आमच्या क्लासमध्ये ‘घोकंपट्टीचे तोटे’ यावर पाच मुद्दे लिहून दिले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडी परीक्षा झाली. चौथा मुद्दा विसरलेल्यांना तो दहा वेळा लिहावा लागला.

सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना शिकू द्यावे, सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली काम करू द्यावे, असेही धोरण सांगते. (मला हे मनापासून आवडले होते. पण मी तेव्हा आठवी ओलांडलेली होती.) दप्तर शाळेचे नसले तरी क्लासचे असतेच, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

शिक्षणावर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हा आकडा एकदाच पाठ करावा. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तो सांगितला, १९६८च्या धोरणात तो होता, २०२०च्या धोरणातही आहे. आजोबांच्या वहीतून उतरवला तरी गुण पूर्ण.

सीबीएसई या केंद्रीय परीक्षा मंडळाने २०२६पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरवले, ते मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. आता ताण कमी करण्यासाठी टेस्ट सिरीजही दोन घ्याव्या लागणार.

सायन्सला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज घ्यावे, म्हणजे कॉलेज प्रॅक्टिकलपुरते दिसते आणि बाकीचा दिवस क्लासमध्ये जातो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. पर्याय चार, आणि चारही दुसऱ्याने लिहिलेले.

राहता राहिले पेपर तपासणारे सर आणि बाई. तुमच्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग असतो, वेळ कमी असतो आणि आदर्श उत्तर शेजारी उघडे असते, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी एक विनंती आहे. एखाद्या मुलीने आदर्श उत्तरात नसलेले मत कारणे देऊन लिहिले असेल, तर ते तुम्हांला पटले नाही तरी तिला तीनपैकी तीन द्या.