समुद्राचा सातबारा

"काय हो भाऊसाब, समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर असतोय?"

सकाळचे साडेसात वाजले होते. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, म्हणून मी पाइप धरून जास्वंदीपाशी उभा. भिंतीपलीकडून आक्काचा प्रश्न आला. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढी. शेवगा माझ्या अंगणात, पण निम्म्या शेंगा तिच्या बाजूला लोंबतात. तेहतीस वर्षं भूकरमापक म्हणून मी लातूर-नांदेडच्या शेतांतून साखळी ओढली. त्यामुळे बांध, शीव, हद्द या विषयांवर गल्लीतलं कुणीही मला कधीही हटकतं. समुद्राचं मात्र पहिल्यांदाच.

"समुद्राचं काय मधेच, आक्का?"

"मधेच कशाला? नातू लागला न्हवं का त्या तेलाच्या रिगवर! चौदा दिस तिथं, चौदा दिस घरी. सांगलालाय की मुंबईपून दीडशे-पावनेदोनशे किलोमीटर आत हाय म्हनून, हेलिकॉप्टरनं नेतेत. म्या म्हन्लं, इतक्या आत मोजनी कुनी केली? खुनंचे दगड कुठं रवले?"

तेहतीस वर्षांत असा नेमका प्रश्न मला कुण्या तहसीलदारानं विचारला नव्हता.

म्हटलं, "सातबारा दिल्लीच्या नावावर. घटनेचं 297 वं कलम. समुद्राच्या तळाशी जे काही खनिज असेल ते केंद्राचं."

"अन् महाराष्ट्राला?"

"खोल समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राला. आसामात, गुजरातेत जमिनीतून तेल निघतं त्याची राज्याला मिळते. तुमच्या नातवाच्या त्या मुंबई हायची नाही."

"म्हंजी म्हस बांधली आपल्या दारात, अन् दुधाचा रतीब दिल्लीला!"

एवढ्यात डाव्या भिंतीवरून गुरुजींचं डोकं वर आलं. गुरुजी मूळचे नांदेडचे, इतिहासाचे शिक्षक, निवृत्तीनंतर लेकाकडे लातूरला आलेले. 'निजाम' हा शब्द कानावर पडला की त्यांना चहाची आठवण राहत नाही. आज तो शब्द कुणी काढलाही नव्हता.

"मराठवाड्याच्या माणसानं समुद्राचं बोलूच नये," ते म्हणाले. "आपल्या नशिबी निजाम होता. एवढं मोठं राज्य, पण हातभर किनारा नाही. होता तो पूर्व किनाऱ्यावरचा उत्तर सरकारांचा पट्टा, तोही 1766 च्या तहात कंपनीच्या घशात गेला. मग 1947 ला इंग्रज निघाले तसं हैदराबादला समुद्राचं स्वप्न पडलं. पोर्तुगालशी बोलणी, मुरगाव बंदर मिळतंय का, गोवाच विकत मिळतो का! लिस्बनशी खलबतं चालली होती आणि इकडं उमरीच्या बँकेचा पैसा आमच्या लोकांनी निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी उचलून नेला होता."

"मिळालं का बंदर?" आक्का.

"सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस ॲक्शन झाली. निजामालाच राज्य उरलं नाही, बंदर कसलं?"

गुरुजींना थोपवून मी मूळ प्रश्नावर आलो, कारण हे मोजणीचं प्रकरण होतं आणि मोजणी माझा प्रांत. इंग्रजांच्या अमलात समुद्राची हद्द मोजायची रीत मोठी मजेची. किनाऱ्यावर तोफ ठेवली तर गोळा जितका लांब पोचेल तितका समुद्र त्या राजाचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बिंकर्सहूक नावाच्या डच कायदेपंडितानं हे मांडलं. पुढं त्याचे तीन सागरी मैल ठरले, म्हणजे साडेपाच किलोमीटर. त्यापुढचं पाणी कुणाचंच नाही, सगळ्यांचं.

"गायरान!" आक्का म्हणाली.

अगदी गायरान. गायरानात जोवर गवतच उगवतं तोवर कुणी अतिक्रमण करत नाही. तेलाचा वास आला तसं चित्र पालटलं. 28 सप्टेंबर 1945 ला अमेरिकेच्या ट्रूमन साहेबानं जाहीर करून टाकलं की आमच्या किनाऱ्याला लागून समुद्राखाली जी जमीन पसरलीय, तिच्यातलं तेल आमचं. मग जो तो सरसावला. आपणही 1956 मध्ये तीनाचे सहा मैल केले, 1967 मध्ये बारा. 1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'नं मुंबई हायवर तेल शोधलं, मे 1976 मध्ये ते निघायला लागलं, आणि त्याच वर्षी संसदेनं सागरी हद्दींचा कायदा करून दोनशे मैलांपर्यंतच्या संपत्तीवर हक्क सांगितला. तोफ तिथवर पोचत नाही, पण आता तोफ विचारतो कोण?

"मुंबई हाय तर आपल्या दारातच," मी म्हटलं. "तिथं शेजारी नाही, म्हणून भांडण नाही. खरी मजा वर, कच्छच्या टोकाला."

आणि मग मी सर क्रीकचं सांगायला घेतलं. हे प्रकरण मला फार आवडतं. भारत-पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यांचं ते असेल, पण त्यातलं एक-एक पान आमच्या भूमिअभिलेखाच्या बस्त्यातलं वाटतं.

कच्छ आणि सिंधच्या मधल्या दलदलीतून साधारण 96 किलोमीटर लांबीची खाडी समुद्राला मिळते. माणूस नाही, पीक नाही. 1908 मध्ये तिथल्याच कोरी खाडीच्या काठी कुणीतरी सरपणाचा ढीग रचला, आणि तो कुणाचा यावरून कच्छच्या रावांची माणसं आणि सिंधचे अधिकारी भांडले.

आक्काचा शेंगेकडे गेलेला हात थांबला. "सरपनासाठी?"

"सरपणासाठी. आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे भांडण आलं कुणाच्या टेबलावर? मुंबई सरकारच्या!"

1914 मध्ये मुंबई सरकारनं ठराव काढला. त्या ठरावाच्या नवव्या परिच्छेदात हद्द खाडीच्या पूर्वेकडून जाते, नकाशावर हिरवी रेघ. काठ धरला तर खाडी सगळी सिंधची. पण लगेच दहाव्या परिच्छेदात म्हटलंय की ही खाडी पात्र बदलत असते, तेव्हा हद्द म्हणजे जिथून नाव चालते त्या प्रवाहाचा मध्य. मध्य धरला तर खाडी निम्मी-निम्मी. एकाच कागदावर, एकाखाली एक! वरचं साहेबानं सांगितलं असेल, खालचं कारकुनानं घातलं असेल. माझा अंदाज आपला. असे हुकूम मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्यांवर वकिलांच्या तीन-तीन पिढ्या जेवलेल्या पाहिल्यात.

पाकिस्तान नववा परिच्छेद धरून बसलंय, आपण दहावा. आपण म्हणतो 1925 च्या नकाशात रेघ मधोमध आहे, खांबही रोवले होते. ते म्हणतात मध्यभाग नाव चालणाऱ्या पाण्याला लागू, तुमच्या या चिखलात नाव चालते कुठं? आपण म्हणतो, भरतीला चालते, येऊन बघा. 1965 च्या कच्छच्या लढाईनंतर आंतरराष्ट्रीय लवाद बसला, 1968 मध्ये रणाचा निवाडाही झाला, पण ही खाडी त्यातून बाहेरच राहिली. 2007 मध्ये दोघांनी मिळून मोजणी केली. मोजणी झाली, हद्द कायम झाली नाही. हे तर आमच्याकडं रोजचंच.

"चिखलच हाय ना? सोडून द्यावं," आक्का म्हणाली.

"आक्का, तुमच्या औशाच्या रानात बांधाचा पहिला दगड दोन हात सरकला आणि तिथून तिरकी रेघ ओढली, तर पार ओढ्यापर्यंत किती जाईल?"

"एकरभर जाईल की!"

"तसंच आहे. खाडीचं तोंड हा पहिला दगड. तिथून समुद्रात दोनशे मैल रेघ ओढायची. तोंडाशी थोडकं सरकलं की टोकाला हजारो चौरस किलोमीटरचा फरक. त्याखाली तेल आणि वायू असेल असा दोघांचाही हिशेब."

तेलाचा हिशेब दिल्ली-इस्लामाबादला. भोगतो मासेमारी करणारा. रात्री बोट वाहवत गेली, पाण्यावर ना हिरवी रेघ ना दगड, आणि पहाटे कराचीच्या तुरुंगात. त्यात आपले पालघर-डहाणूचे आदिवासी खलाशीही असतात, गुजरातच्या बोटींवर मजुरीला गेलेले.

आक्का थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या नातवाचं तसं काही न्हाई ना?"

"नाही हो. तो मुंबईसमोर. तिथं कोण येतंय!"

गुरुजींना गोदावरी आठवली नसती तर नवल. "आमच्या विष्णुपुरीचं पाणी जिथं समुद्राला मिळतं," ते म्हणाले, "तिथं खाली वायू निघाला. कृष्णा-गोदावरी खोरं. तिथंसुद्धा तंटा! 2013 मध्ये ओएनजीसीनं तक्रार केली की आमच्या भागातला वायू शेजारच्या रिलायन्सच्या विहिरींकडं वाहून जातोय. लवाद, कोर्ट, सगळं झालं."

यावर लातूरकराला समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्यानं आठशे फुटांवर बोअर मारला की आपल्या तीनशे फुटांच्या बोअरमधून हवा येते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव आहे हे.

"थांबा," म्हणून आक्का आत गेली. आली ती एका जुन्या पत्र्याच्या डबीसकट. आहेरात एक्कावन्न, एकशे एक करायला साठवलेल्या एक रुपयाच्या नोटा. त्यातली एक तिनं भिंतीवर उलटी पसरली. मागच्या बाजूला समुद्रात उभी असलेली तेलाची रिग, सागर सम्राट. ऐंशीच्या दशकापासून ही नोट माझ्याही हातातून किती लग्नांत गेली असेल, चित्राकडं कधी बघितलं नव्हतं.

"हीच का ती?"

"हीच."

तिनं नोट चष्म्याजवळ नेली, दूर धरली. "नातू कुठं ऱ्हात असंल हिच्यात?" म्हणून बोटानं चाचपलं. मग घडी घालून ती पदराच्या गाठीला बांधली, बाकीच्या डबीत टाकल्या आणि शेवग्याकडं मान वर केली.

"अन् भाऊसाब, ह्या माझ्याकडच्या शेंगा तोडू का? का दिल्लीला इचारावं लागंल?"