शिशाला कल्हई

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता हलवत पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथील टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने असा हात फिरवायचा, की मळकट पातेलं क्षणात चांदीचं व्हायचं. आपणही हे एकदा करावं, ही इच्छा पुरी व्हायला माझी पन्नाशी उलटली; आणि पातेल्याऐवजी हाती आलं वाटाण्याएवढं शिशाचं डोकं.

जिताडा मासा धरायला मी जिग घरीच ओततो. गळाला शिशाचं डोकं, मागे रबरी शेपूट. डोकं लालच हवं, असा माझा हट्ट. आधी घरातलं नेलपॉलिश वापरलं. रेवदंड्याच्या खाडीत चार दगडांवर आपटताच ते उडालं. बाटली कुठे गेली याची चौकशी मात्र महिनाभर टिकली. मग पावडर कोटिंगकडे वळलो.

गळ पकडीत धरून डोकं हीट गनसमोर तापवायचं आणि पावडरीत दोनेक सेकंद बुडवून काढायचं. कमी तापलं तर पावडर अंगाऱ्यासारखी झडते. जास्त तापलं तर थर जाड बसतो आणि हनुवटीला थेंब लोंबतो. नेमकं तापलं, तर खरखरीत पावडर बघता बघता विरघळते आणि पाकातल्या गुलाबजामची चकाकी येते. तेवढ्यात सुईने गळाचं नेढं मोकळं करायचं. विसरलात, तर दोरा ओवणार कुठे? शेवटी पावडरीच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे साधारण 175 अंशांवर 20 मिनिटं भाजायचं. शिसं 327 अंशांला वितळतं, त्यामुळे ते शांत असतं. भाजताना रेझिनचे रेणू एकमेकांत असे गुंततात, की थर पुन्हा तापवला तरी वितळत नाही.

"अहो, केकच्या ओव्हनमध्ये शिसं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. शिशाची आणि अन्नाची चूल एक नसावी. भंगारवाल्याकडून जुना ओटीजी आणला आणि मास्क लावून गच्चीत संसार मांडला.

पहिली बारा डोकी दोरीवर टांगली, तेव्हा मी कल्हईवाल्याच्या ऐटीत उभा होतो. नंतर वाचनात आलं, की पाण्यात सगळ्यांत आधी लाल रंगच विझतो. गढूळ खाडीत तर थोड्याच खोलीवर तो काळपट दिसतो. म्हणजे एवढा खटाटोप जिताड्यासाठी नव्हताच. तो माझ्या जिगच्या डब्यासाठी होता. धक्क्यावर शेजारी बसलेल्या कोळीदादांनी डबा न्याहाळला, "झ्याक हायेत" म्हणाले आणि आपल्या गरीला जिवंत कोळंबी लावली.

बारांपैकी पहिलं डोकं पहिल्याच फेकीत धक्क्याखालच्या खडकात अडकलं आणि दोरा तुटला. दोन वर्षं झाली. रंग पक्का आहे, एवढी खात्री मी देतो. ते अजून लालभडकच असणार. फक्त तिथे ते काळं दिसत असेल.