ओझ्याची सवय

जुनी गाडी घ्यायला पैसा लागतो, असा लोकांचा समज आहे. पैसा नंतर लागतो, आणि मग लागतच राहतो; आधी लागते ती जागा. आमच्या नागपुरात धरमपेठेतला हौशी माणूस फार तर ग्रामोफोन घेतो. महालातला जुनी सायकल घेऊन जिन्याखाली उभी करतो. हुडकेश्वरात राहणाऱ्याला मात्र थेट मालगाडीची स्वप्नं पडतात, कारण त्याच्या शेजारचा प्लॉट रिकामा असतो. म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रस्त्याला लागलं की लेआउटमागून लेआउट सुरू होतात. कालपरवापर्यंत इथे ग्रामपंचायत होती, आता महानगरपालिका आहे. पण दर दोन घरांआड एक प्लॉट असा असतो, की त्याला ही बातमी अजून कळलेली नसते. त्यात गाजरगवत, कुणाच्या तरी बांधकामातून उरलेली गिट्टी आणि निवांत रवंथ करणारी एक म्हैस. आमच्या शेजारच्या प्लॉटचे मालक पुण्याला असतात. फोन करून परवानगी मागितली, तर म्हणाले, "ठेवा ना जी, काय होते त्याले!" या एका वाक्यावर मी गाडी घेतली.

ती उमरेडच्या पलीकडे एका शेतात टिनाच्या शेडखाली उभी होती. महिंद्राची एफसी-१५०. आजच्या पोरांना दाखवली तर ती आधी विचारतात, हिचं नाक कुठे गेलं? बोनेट नावाचा भागच नाही. उभी काच, तिच्याखाली सपाट कपाळ, दोन गोल दिवे आणि त्यांच्यामध्ये जीपच्या त्या ओळखीच्या उभ्या फटी. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो. त्यामुळे अख्खी गाडी पावणेचार मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीएवढी, आणि तरी मागे सहा फुटांचा हौदा. शेतमालकाने हौद्यात कोंबड्या पाळल्या होत्या. सौदा ठरला तेव्हा कोंबड्या वगळून ठरला, पण दोघीजणी आमच्याबरोबर हुडकेश्वरपर्यंत आल्या.

ही गाडी मुळात अमेरिकेतल्या टोलेडोची. विलीज कंपनीने ती १९५६ च्या अखेरीस काढली आणि पुढे महिंद्राने ती आपल्याकडे आणली. तिला रूप दिलं ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरने. हा गृहस्थ मोठा वल्ली. १९५४ मध्ये जाहिरातवाल्यांच्या एका सभेत त्याने सांगितलं होतं, की घरातली वस्तू धड चालत असतानाच गिऱ्हाइकाला नव्या वस्तूचा मोह पडायला हवा. धंदा त्यावरच चालतो. त्याचा तो उपदेश जगाने इतका मनावर घेतला, की आपण दर दोन वर्षांनी फोन बदलतो. मात्र त्याच्याच हातची ही गाडी ज्या शेतकऱ्यांच्या, दूधवाल्यांच्या, कंत्राटदारांच्या हाती पडली, त्यांच्या कानावर तो उपदेश कधी गेलाच नाही. चालते ना? मग चालवा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

गाडीला नाक नाही म्हटल्यावर इंजिन कुठे, हा प्रश्न येतोच. ते दोन सीटांच्या मधोमध, एका पत्र्याच्या डब्याखाली आहे. ज्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या नागपुरात ही रचना किती सुखाची, हे वेगळं सांगायला नको. शिवाय आमच्या गाडीतलं इंजिन तिचं स्वतःचं नाही. मूळचं सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचं पेट्रोल इंजिन. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा कुण्या मालकाने ते उतरवून तिथे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हापासून ही गाडी दिसते जीप आणि बोलते ट्रॅक्टर. तिच्यात शेजारी बसून नवरा-बायकोला भांडता येत नाही, कारण ऐकू काही येत नाही. आमच्या घरात या गाडीच्या बाजूने मांडला गेलेला हा पहिला मुद्दा होता, आणि तो मी मांडलेला नाही.

विरोधात मुद्दे पुष्कळ होते. पण बायकोने एकच प्रश्न विचारला. "अहो, सगळं मान्य. पण आपल्याला या गाडीतून न्यायचं काय आहे?"

याला उत्तर नव्हतं. आमच्याकडे ना शेत, ना दुकान. ओझं वाहायला जन्मलेली गाडी आम्ही अशा घरी आणली, जिथे आठवड्याची भाजी एका पिशवीत मावते.

तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. जुन्या गाड्यांच्या रॅलीत आपण काय बघतो? संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, डॉक्टरांच्या मॉरिस, वकिलांच्या ऑस्टिन, झालंच तर एखादी ब्युइक. मालगाडी क्वचित. रस्त्यावर मात्र याच्या नेमकं उलटं होतं. राजाची गाडी गावात एक, आणि माल वाहणाऱ्या चिक्कार. मग त्या गेल्या कुठे? शोभेच्या गाडीवर रोज कापड पांघरलं जायचं. कामाच्या गाडीवरही ताडपत्री टाकत, पण ती मालावर. गाडी भिजली तर भिजली. आणि ती चालेनाशी झाली तरी तिला सुटका नव्हती. तिचा ॲक्सल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागतो, चाकं टायरच्या बैलगाडीला जातात, स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद लोहाराकडे जातं आणि त्याचे विळे-कुऱ्हाडी होतात. कामाची गाडी मरत नाही, वाटली जाते. म्हणून ती संग्रहात सापडत नाही. ती सापडते शेतात, दुसऱ्या कशाच्या तरी पोटात.

आमची वाटली जायची राहिली, ती बहुधा कोंबड्यांमुळे.

मानेवाडा रस्त्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकला, पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि निदान सांगितलं, "गाडी चांगली आहे जी. फक्त पत्रा आहे तिथं पत्रा नाही, लांबी आहे." लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा तो पेंटरचा लेप. कुठल्याशा मालकाने ती दारावर इतकी थापली होती, की लोहचुंबक दाराच्या अर्ध्या भागाला चिकटतच नव्हतं.

मग कागदपत्रं. आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा जुळतो की नाही, हे बघायचं होतं. मिस्त्रीने चेसिसच्या दांड्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, सुकलेलं ग्रीस आणि माती पोपडे धरून निघाली, पण आकडे काही दिसेनात. त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची चिठ्ठी काढली, दांड्यावर दाबून धरली आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. आधी नुसता करडा डाग. मग त्यात एक पांढरी रेघ, मग एक वळण, मग अख्खा आकडा. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते पेन्सिलीला सापडत होतं. शेवटचा आकडा उमटला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आहे जी, जिवंत आहे." इंजिनाच्या नंबराबद्दल त्याने असं काही म्हटलं नाही, कारण ते दुसऱ्याच घराण्यातलं. पण त्याही बदलाची नोंद बुकात होती, फिकट निळ्या शाईत, सही-शिक्क्यानिशी.

इथून कायद्याचा प्रवेश होतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, मूळ रूपात असेल, चेसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिला वेगळ्या मालिकेचा, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. अट अशी, की ती रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. त्यानंतर महिन्याभरातच, १३ ऑगस्टला, जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण सुरू झालं. ते ज्या खात्याचं, त्याचे मंत्री आमच्या नागपूरचेच खासदार. म्हणजे सरकारने जुन्या गाड्यांसाठी महिन्याभरात दोन दरवाजे उघडले, एक दिवाणखान्याचा, एक भंगाराचा. आमच्या गाडीचं वय दिवाणखान्याचं आहे, पण इंजिन बदललेलं, म्हणून पहिल्या दारात अडते. दुसऱ्या दारात मी तिला जाऊ देत नाही.

नियमावर माझा राग नाही; कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण मूळ रूपात कोण राहतं? ज्याला काम पडत नाही तो. राजाच्या गाडीचं इंजिन मूळचं राहिलं, कारण ती दसऱ्याला बाहेर निघायची. आमचीने पोट भरायचं म्हणून काळीज बदललं. खुद्द ज्या कंपनीची ती गाडी, ती १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इकडे पाटी बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. पाटीच जिथे मूळ रूपात नाही, तिथे बिचाऱ्या गाडीला काय बोलायचं?

खरा पेच रंगाचा होता. फाळक्यावरचा राखाडी रंग खरवडला, तर खाली लाल अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' निघाला. तो जपून खरवडला, तर खाली पिवळ्या पट्टीवर निळ्यात '…बिछायत केंद्र, उमरेड'. नाव गेलेलं, फक्त शेवटची वेलांटी शिल्लक. म्हणजे कधीकाळी हिने लग्नांच्या सतरंज्या, गंज, कढया आणि लोखंडी खुर्च्या वाहिल्या. हौद्याच्या कडेला एका ओळीत पोचे आहेत ते खुर्च्यांच्या पायांचे, हे तेव्हा कळलं. आता हे पोचे लांबी भरून गुळगुळीत करायचे, वर कोरा निळा रंग मारायचा, आणि कधीच काम न केलेली एक मालगाडी तयार करायची? मिस्त्री म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं करू. शोरूमसारखी पायजे तर शोरूमसारखी." मला ती शोरूमसारखी नको होती, पण कशासारखी हवी ते सांगता येईना.

ते पोळ्याने सांगितलं. विदर्भात पोळा कसा असतो? आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू ज्या खांद्यावर होतं, तोच खांदा तूप-हळद लावून शेकायचा, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याला आंघोळ, झूल, शिंगांना रंग, पुरणपोळी, आणि कामाला पूर्ण सुटी. घट्टा पडलेला खांदा कुणी लपवत नाही, पूजा त्याचीच असते. आणि पुढे? पुढे बैल पुन्हा शेतात. आमच्याकडे मान कष्टाचा होतो, आणि मान झाला म्हणून कष्ट सुटत नाहीत. जुन्या कामाच्या वस्तूचं काय करावं, याचा याहून चांगला नियम मला कुठल्याही राजपत्रात सापडला नाही.

मग गाडीची खांदशेकणी सुरू झाली. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, कारण खांदा जपायचा म्हणजे जखम जपायची नव्हे. पाट्यांना ग्रीस, किंगपिन नवे, ब्रेक पूर्ण नवे. पोचे तसेच. बिछायतीची अक्षरं तशीच, वर पारदर्शक वार्निश.

पहिल्याच फेरीत एक गोष्ट लक्षात आली. इंजिन, ड्रायव्हर, केबिन सगळं पुढे असल्यामुळे ही गाडी रिकामी असली की नाक नसूनही नाकावर पडायला बघते. करकचून ब्रेक मारला की मागचं अंग हलकं होतं. मिस्त्री हसला. "हिला ओझ्याची सवय आहे जी. मागं वजन टाका, शहाण्यासारखी चालते." म्हणून हौद्यात रेतीची पोती ठेवली. ज्या घरातून काहीच न्यायचं नव्हतं, त्या घरातून आम्ही रेती फिरवून आणू लागलो.

हे फार दिवस चाललं नाही. शेजारचे काका रोज सकाळी फाटकाशी उभे राहून पाहत असत. एक दिवस म्हणाले, "काऊन भाऊ, रेतीच नेऊन राह्यले, तर माझं कपाट नेऊन टाका ना पोराकडे दिघोरीले." कपाट गेलं. मग कुणाचा कूलर, कुणाची शिलाई मशीन. तान्ह्या पोळ्याला लेआउटमधल्या पोरांचा चाकांवरचा मोठा लाकडी बैल हौद्यात उभा राहिला, आणि नांगर कधी न ओढलेल्या त्या बैलाला आयुष्यभर ओझं ओढलेल्या गाडीने मिरवून आणलं. पैसे कुणाकडून घेत नाही. हा धंदा नव्हे.

अडचण एकच आहे. फाळक्यावरचं वाचून लोक घरी येतात. परवा एक गृहस्थ आले, साक्षगंधासाठी शंभर खुर्च्या आणि दोन मोठ्या सतरंज्या पाहिजे होत्या. मी समजावून सांगू लागलो, की ही अक्षरं जुनी आहेत, हा एक वारसा आहे, आम्ही त्याचं जतन करतो आहोत. बायकोने मला आत पाठवलं आणि त्यांना म्हणाली, "खुर्च्या नाहीत जी. पण दुसरीकडून घेतल्या तर पोचवून देऊ. डिझेल तुमचं, उतरवायला माणसं तुमची, आणि यांना जेवण."