अठरा मीटर

आमचे साडू अण्णा बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले आणि तीनच महिन्यांत अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हर होऊन आले. साठाव्या वर्षी हे काय सुचलं, असं सगळ्यांनी विचारलं. मला त्यात नवल वाटलं नाही. अण्णांना मासे बघायचेच नव्हते. बँकेनं काढून घेतलेल्या नियमावलीच्या जागी त्यांना दुसरी नियमावली हवी होती, आणि ती तिथल्या हॅवलॉक बेटावर मिळाली.

आधी तब्येतीचा फॉर्म. बाकीचे लोक त्यावर वरपासून खालपर्यंत ‘नाही’ ‘नाही’ करत सुटतात. अण्णांनी चौथीत असताना कान फुटला होता तेही लिहिलं, आणि त्या कबुलीपायी डॉक्टरचा दाखला आणण्यात अर्धा दिवस घालवला. मग लेखी परीक्षा, उथळ पाण्यातला सराव, खुल्या समुद्रात चार डाइव्ह आणि कार्ड.

या कार्डावर नवशिक्याला अठरा मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा कोर्स केला की तीस. हौशी माणसाची शेवटची हद्द चाळीस. आणि काहीच न शिकता प्रशिक्षकाच्या भरवशावर उतरणारा पाहुणा फार तर बारा. अण्णांनी अख्खी मनुष्यजात आता या चार खणांत लावून टाकली आहे. तीन वर्षांपूर्वी मीही मालवणला किल्ल्याजवळ पाण्याखाली जाऊन आलो होतो, हे मी त्यांना अभिमानानं सांगितलं.

“सिलिंडर कोणी धरलं होतं?”

“तिथल्या पोरानं.”

“मग तुम्ही डाइव्ह केलेला नाही. तुम्हाला बुडवलं होतं.”

कोर्सच्या शेवटच्या डाइव्हला एक कासव दिसलं. प्रशिक्षक मुलगी हातानं बोलावत होती. कासव बसलं होतं एकोणीस मीटरवर. अण्णा मनगटावरच्या कॉम्प्युटरवर १७.८ आकडा बघत वर तरंगत राहिले आणि तिथूनच कासवाची पाठ पाहून आले. वर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, “अठराच्या खाली गेलं तर दंड किती?” ती म्हणाली, दंड नाही. समुद्रात पोलीस नसतात. ही शिकवणाऱ्या संस्थांनी घालून दिलेली मर्यादा. ओलांडाल तर डाइव्ह सेंटर पुन्हा बोटीत घेणार नाही, विमावाले हात वर करतील, आणि तीस मीटरच्या आसपास नायट्रोजन डोक्यात चढून प्यायल्यासारखं होऊ लागतं ते वेगळंच. दंडाशिवायचा नियम! अण्णा दोन दिवस बेचैन होते. एका गोष्टीनं मात्र त्यांचं समाधान झालं. अठरा मीटरवर दाब जमिनीवरच्या २.८ पट असतो, त्यामुळे हवाही तितक्याच पटीनं संपते. “एक श्वास घेतला की खात्यातून जवळजवळ तीन वजा,” असं ते भेटेल त्याला सांगतात. सिलिंडर दोनशे बार दाबानं भरून निघायचं, पन्नास शिल्लक ठेवून वर यायचं. किमान शिल्लक न ठेवणाऱ्या खातेदारांवर त्यांचा पूर्वीपासून राग आहेच.

कोणी अँग्रिया बँकेचं नाव काढलं की अण्णा कानांना हात लावतात. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, भर समुद्रात बुडालेलं ते प्रवाळांचं पठार. त्याचा सगळ्यात वरचा माथाच वीस मीटरच्या आसपास. “एवढं जायचं, आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या जागेला दोन मीटर अलीकडून नमस्कार करून यायचं?”

म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं आपापल्या बायकांसह मालवणला गेलो. अण्णांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं होतं. बोटीवर चढताच ते त्यांनी तांडेलापुढे धरलं. आम्ही पाहुण्यांतले नाही, कोणी धरायची गरज नाही, वगैरे. तांडेलानं कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“काका, कार्ड ऱ्हवांदे. पाण्यात हात घाला. तुमचो हात तुमका दिसता काय?”

अण्णांनी बाही सरसावून हात घातला. कोपरापर्यंत दिसला. पुढे नुसतं हिरवं ताक.

इथे मला अण्णांची दया आली. कारण नियमावलीत खोलीच्या आधी दुसरी अट आहे: ज्या पाण्यात शिकलात, तसल्या किंवा त्याहून सोप्या पाण्यातच आपल्या जबाबदारीवर उतरा. अंदमानला वीस-वीस मीटर लांबचं दिसत होतं. म्हणजे अठरा मीटरचा अधिकार खिशात, आणि पाच मीटरच्या पाण्यात तो चालत नाही. अण्णांनी हे कलम स्वतःच स्वतःला वाचून दाखवलं आणि मग बोटीवरच्या पोराबरोबर पाण्यात उतरले. मी बोटीतून बघत होतो. पोरानं त्यांच्या सिलिंडरची मान घट्ट धरली होती. मी काही बोललो नाही.

वर आल्यावर त्यांनी लॉगबुक काढलं. खोली: ५ मीटर. दृश्यता: कोपर. जोडीदाराच्या सहीसाठी वही पोरापुढे केली. “ह्या कोण तपासता?” त्यानं विचारलं. एकतीस वर्षं लोकांच्या वह्या तपासलेला माणूस त्यावर काय बोलणार?

दुपारी पुण्याला निघालो आणि सावंतवाडीला अण्णांनी गाडी थांबवायला लावली. पुढे आंबोली, सुमारे सातशे मीटर उंच. डाइव्हनंतर उंचावर चढणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच. एका डाइव्हला बारा तास थांबायचं. “अहो, पाचच मीटर गेला होतात ना?” त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, म्हणाल्या. “नियमात किमान मीटर दिलेले नाहीत,” अण्णा म्हणाले. ताई आणि माझी बायको चितार आळीत लाकडी फळं घ्यायला निघून गेल्या. आम्ही लॉज शोधला. तळमजला भरलेला होता, खोली मिळाली दुसऱ्या मजल्यावर.

अण्णांनी जिन्यापाशी उभं राहून पायऱ्या मोजल्या.

“सहा मीटर,” म्हणाले. “चालेल.”