हक्कांचा तास

महाराष्ट्रातील शाळांत हक्क व कर्तव्ये शिकवण्याचे काम नागरिकशास्त्राकडे असते. सहावी ते आठवीच्या पुस्तकांत हा विषय इतिहासाच्या मागे जोडलेला असल्याने त्याची पाळी बहुधा पोर्शन संपवण्याच्या घाईत येते. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचे उत्तर फळ्यावरून जसेच्या तसे उतरवायचे असते; स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याचा अर्धा गुण जातो. धडा चालू असताना बोलणाऱ्यांची नावे मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो.

कर्तव्यांचे प्रकरण अधिक रंजक आहे. ती राज्यघटनेत आली 1976 साली, 42व्या दुरुस्तीने, ऐन आणीबाणीत. हक्क गुंडाळून ठेवलेले असताना कर्तव्ये सुचावीत, हा मुहूर्त शिकवताना सांगण्याची गरज सहसा भासत नाही. 2002 साली अकरावे कर्तव्य जोडले गेले: 6 ते 14 वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी. हे कर्तव्य पालकांचे. पाठ मात्र पाल्याने करायचे. शोधकबुद्धी जोपासणे हेही मूलभूत कर्तव्यच, पण ते बजावू पाहणाऱ्याला ‘हे परीक्षेला नाही’ असे कळवले जाते.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. त्यानंतर छडी कपाटात गेली आणि अंगठे धरणे व्यायामात मोडू लागले. तक्रारपेटीही बसवली जाते, शक्यतो मुख्याध्यापकांच्या दारासमोर, चिठ्ठी टाकणारा नीट दिसेल अशी. साहजिकच ती रिकामी निघते आणि अहवालात ‘तक्रारी : निरंक’ अशी नोंद होते.