लघुरथाची काया आणि चाके: एक शास्त्रीय विवेचन

हॉट व्हील्सची खेळण्यातली गाडी साधारण पावणेतीन इंच लांब, आणि तिचं रूढ प्रमाण 1:64. या हिशेबाने चारमिनार अडीच-तीन फुटांचा होतो, म्हणजे हैदराबादेत कोठी भागातल्या आमच्या घरात स्टुलावर मावतो. अशाच एका गाडीची काया आणि चाकं बदलण्यात प्रस्तुत लेखकाचे तीन रविवार गेले. त्या तपश्चर्येचं हे फळ.

पूर्वपक्ष म्हणतो, गाडी आणावी आणि कपाटात ठेवावी. (हा पूर्वपक्ष आमच्याच स्वयंपाकघरातून आला.) यावर उत्तर असं की, हैदराबादेत गाडी आली तशी ठेवण्याची रीतच नाही. सहाव्या निजामांनी रोल्स-रॉईस मागवली ती मागे सिंहासन बसवून; ती पिवळीधमक गाडी आज चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. बहादूरपुऱ्यातल्या के. सुधाकर यांच्या संग्रहालयात तर बर्गर, उंच टाचेचा बूट आणि कमोडसुद्धा रस्त्यावर धावू शकतात. 2005 साली त्यांनी 41 फूट 7 इंच उंच तिचाकी सायकल केली. सूक्ष्म दृष्टीने पाहता, सुधाकर वस्तू फुगवून तिची गाडी करतात आणि आम्ही गाडी आकसवून तिची वस्तू करतो. आरटीओ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतं.

आता प्रयोग. गाडीच्या पोटाला दोन रिव्हेट असतात. त्यांची डोकी 3 मिलिमीटरच्या ड्रिलने उडवली की काया, काच, सीट आणि तळ सुटे होतात. काया जस्ताच्या मिश्रधातूची, ती थिनरमध्ये बुडवावी. काच प्लास्टिकची, ती बुडवू नये. हा दुसरा नियम आम्हाला नंतर कळला. तोवर गाडीला मोतीबिंदू झाला होता.

रंग ब्रशने दिला. थर जेमतेम पाव मिलिमीटर. त्याला 64 ने गुणा: 16 मिलिमीटर. खऱ्या गाडीवर एवढा रंग म्हणजे भिंतीचा गिलावाच. दारांच्या फटी बुजल्या, आता त्या गाडीत कुणी चढू शकत नाही आणि आतला उतरू शकत नाही. गाडी 64 पटींनी लहान होते; रंग, ब्रश आणि आमचा अंगठा होत नाहीत. या विषयावरचं सगळं दुःख एवढ्या एका वाक्यात आहे.

चाकांचा प्रश्न त्याहून जुना. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही-नाही म्हणत जातो. हाच प्रश्न आम्ही बेगमबाजारात नेला आणि नुसती चाकं मागितली. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "खाली चक्के नै बेचते साब. लेना है तो पूरी गाडी लेओ." नागसेनांना एवढ्यात उरकता आलं नव्हतं.

पूरी गाडी घेतली, चाकं काढली. आस 1 मिलिमीटर लांब निघाली, म्हणजे खऱ्या मापात अडीच इंच, म्हणून चाकं मडगार्डबाहेर आली. आस डुगडुगू नये म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा आत घातला, तो एका बाजूला जास्त बसला. गाडी आता डावीकडे वळते, आणि फक्त डावीकडे.

उरलेल्या गाडीला पहिलीची जुनी चाकं लावून ठेवली. तिला ना रंग, ना सिद्धांत. फरशीवर सोडली की ती सरळ शेजाऱ्यांच्या दारापर्यंत जाते.