परवानगीकाका

जेल रोड, उपनगर, दत्तमंदिर, मुक्तिधामची मागची बाजू... नाशिकरोडला कुठल्याही गल्लीत शिरा, एक काका असे निघतातच, की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ अशी पाटी झळकल्याचं कळलं की त्यांना मनापासून बरं वाटतं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. जगात अजून कुठेतरी विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत, एवढ्या बातमीवर ते दोन घास जास्त जेवतात.

२०२५ची दिवाळी या मंडळींना फार चांगली गेली. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनांत नाही. त्यामुळे धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर घरोघरी नवे लॅपटॉप आले, जुन्यांच्या पोटातल्या डिस्क काढून केसिंगमध्ये बसवल्या गेल्या आणि फराळाचं ताट बाजूला ठेवून लोकांनी जुने फोटो उघडायला घेतले. पडद्यावर उत्तर आलं : या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला सध्या परवानगी नाही.

मग काकांना फोन.

काका प्रेसमधून निवृत्त. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, वर्तमानपत्रात असतील. नाशिकरोडला प्रेस म्हणजे १९२५ची सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ची नोटांची. त्या गेटातून काका उमेदीची सगळी वर्षं झडती देऊन आत गेले आणि झडती देऊन बाहेर आले. ज्या सेक्शनचा पास, त्याच सेक्शनात पाय. शेजारच्या विभागात काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलं नाही, विचारलं नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात एका साहेबाने ‘चला, दाखवतो’ म्हटलं तेव्हा ‘नको, पास नाही’ म्हणून ते थांबले. असं ते स्वतःच सांगतात. त्यात बढाई आहे की खंत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कॉम्प्युटर त्यांना सुरुवातीला अजिबात पसंत नव्हता. विंडोज ९८च्या काळात मुलाने घरात पहिलं मशीन आणलं. पासवर्डची खिडकी आली म्हणून काका सरसावून बसले, तर मुलाने ‘कॅन्सल’ दाबलं आणि सरळ आत गेला. काका हबकले. ‘मग गेट ठेवलंय कशाला?’ त्यानंतर कित्येक महिने त्यांनी त्या यंत्रावर कापड घालून ठेवलं. मन वळलं ते एक्सपी आल्यावर. १९९३ साली ऑफिसच्या मशीनांसाठी निघालेली एनटीएफएस ही पद्धत २००१मध्ये एक्सपीबरोबर घराघरांत पोचली आणि प्रत्येक फाइलला मालक आला, वाचायचं कुणी, लिहायचं कुणी, पुसायचं कुणी याची यादी आली. त्याच सुमारास गल्लीतली सगळी पोरं एमएस-सीआयटीला जायला लागली होती. पोरांच्या रांगेत काकाही बसले. पोरं पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं नाचवायची, काका प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमध्ये रमायचे.

आता त्यांचं येणं बघा. गंगापूर रोडला कुणा बाईंचं काम असतं. द्वारकेच्या गर्दीतून स्कूटर काढून काका घामाघूम पोचतात, पण पाणी घेत नाहीत. आधी पिशवीतून लांबट वही निघते. तारीख, वेळ, मशीन, तक्रार, आणि शेवटचा रकाना : मालकाची सही.

‘सही कशाला काका?’

‘तुमच्या मशीनला हात लावतोय मी. उद्या म्हणाल, कुणी सांगितलं होतं?’

बाई सही करतात. काका चष्मा पुसतात आणि ज्यासाठी एवढे लांब आले तो प्रश्न विचारतात, ‘या फोल्डरचा मालक कोण?’

‘मीच की! माझेच फोटो, माझंच नाव, जुन्या कॉम्प्युटरवरही हेच नाव होतं.’

‘नावाचं सोडा.’

काका नाशिकचे असल्यामुळे पुढचं समजवायला त्यांना दाखला बाहेरून आणावा लागत नाही. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर ते आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोबा-पणजोबा. तेव्हा कुठे ठरतं, तुमच्या घराण्याची वही कुणाकडे. नुसतं ‘मी कुलकर्णी’ म्हणून भागत नाही, कुलकर्णी गाडीभर आहेत. कॉम्प्युटरही नावाला भुलत नाही. नवं खातं उघडलं की तो त्याला आकड्यांची एक लांबलचक माळ देतो, एस-१-५-२१ पासून सुरू होणारी, आणि फाइलवर मालक म्हणून ती माळ नोंदवतो. जुन्या मशीनवर अपडेट घेतलं तर खातं तेच राहतं, माळही तीच. पण नवं मशीन घेऊन त्याच नावाचं खातं उघडलं की माळ नवी. डिस्कवरच्या वहीत तुमचं घराणंच नाही, तिथे गुरुजींचा काय दोष?

सिक्युरिटी टॅबमध्ये त्या माळेपुढे ‘अकाउंट अननोन’ असं लिहिलेलं असतं. काका ते बाईंना वाचून दाखवतात. ‘अज्ञात खातेदार. म्हणजे तुम्हीच, पण गेल्या जन्मातल्या.’

इतका वेळ नातू पाठीमागे चुळबुळत असतो. ‘आजी, तिथे कंटिन्यू लिहिलंय ना, ते दाब. होतं सगळं.’

काका खुर्ची वळवतात. ‘त्या बटणाच्या वर काय लिहिलंय, वाच.’

‘टू पर्मनंटली गेट ॲक्सेस...’

‘पर्मनंटली. कायमचं. कायमचं म्हणजे काय, ते तुझ्या वयात कळत नाही, म्हणून मी आलोय.’

इथे एक सांगून टाकायला हवं. तासाभराने काका जे करतात ते आणि नातू एका टिचकीत जे करणार होता ते, यांत परिणामाच्या दृष्टीने फार अंतर नसतं. ते बटणही नव्या माळेचं नाव प्रत्येक फाइलच्या यादीत घालत जातं. फरक काकांच्या तयारीत. ते आधी काळी खिडकी उघडतात आणि ‘आयकॅक्ल्स’ नावाच्या आज्ञेला ‘सेव्ह’ जोडून जुन्या परवानग्यांची संपूर्ण यादी वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवतात, चुकलं तर पूर्ववत करता यावं म्हणून. मग ‘टेकओन’ने मालकी घेतात आणि पुन्हा ‘आयकॅक्ल्स’ने हक्क देतात, तेही लागतील तेवढेच. फायलींची नावं भराभरा वर सरकत जातात. ती पाहताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते नंतर फोटो उघडल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरही नसतं. फोटो उघडले की काकांचा रस संपतो. ‘हा मनालीचा’ म्हणून त्या दाखवायला लागतात, काका वही पिशवीत घालतात.

काकांचा खरा वैरी कॉलेज रोडच्या बाजूला दुकान टाकून बसलेला पोरगा. त्याच्याकडे वही नाही, प्रश्न नाही. सिक्युरिटी, ॲड, ‘एव्हरीवन’, ‘फुल कंट्रोल’वर टिचकी, ओके, झालं मॅडम. गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. काका त्या पोराविषयी बोलताना आवाज खाली आणतात, जसं एखाद्याच्या मुलाने काय केलं ते सांगताना आणतात. ‘एव्हरीवन! अहो, एव्हरीवनमध्ये पाहुण्याचं खातंही आलं. घरातलं लहान पोर आलं. उद्या एखादा व्हायरस शेजारच्या खात्यातून शिरला तर तोही एव्हरीवनच.’ मुद्दा बरोबर आहे, फक्त तो सांगायला त्यांना पाऊण तास लागतो आणि पोराचं काम दोन मिनिटांत होतं. लोक पोराकडे जातात यात नवल नाही. नवल हे, की पुढचं अपडेट आलं की तेच लोक काकांकडे परत येतात, आणि काका ‘आधी कुणाला दाखवलं होतं?’ हे वैद्याच्या सुरात विचारतात.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाने मात्र काकांना जन्माचं सुख दिलं. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स. तिथे हिशेब सोपा : वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. अपडेटनंतर काहीतरी अडलं म्हणून या गृहस्थाने मुळापासून सगळ्या मशीनला ७७७ देऊन टाकलं. म्हणजे सगळ्यांना सगळं. त्यावर ज्या ‘सुडो’च्या जोरावर त्याने हे केलं, त्या सुडोनेच काम करायला नकार दिला, कारण त्याच्या फाइलवरची खास खूणही या झाडलोटीत पुसली गेली होती. आणि दूरच्या सर्व्हरवर जायची जी खासगी किल्ली असते, तीही मशीन वापरू देईना. संदेश आला, या फाइलच्या परवानग्या फार मोकळ्या आहेत.

‘पुन्हा वाच,’ काका म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं.

‘कॉम्प्युटर म्हणतो? स्वतःहून?’

ते वाक्य काकांनी वहीत उतरवून घेतलं. अलीकडे सोसायटीच्या सभेत, पार्किंगच्या वादातसुद्धा ते वापरतात.

काकांना कुणाविषयी आदर असेल तर तो ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’विषयी. व्हिस्टापासून विंडोजच्या मुख्य फायलींची मालकी या अदृश्य गृहस्थाकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी त्या फाइली तुम्ही सहज पुसू शकत नाही, त्याची परवानगी काढा असं मशीन सांगतं. लोक यावर चिडतात, माझ्याच पैशाच्या मशीनवर हा कोण म्हणतात. काका म्हणतात, साहेब असावा तर असा, गेटवर दिसत नाही पण गेट त्याच्याशिवाय हलत नाही. सी ड्राइव्हची मालकी बदलून द्या असं कुणी म्हटलं तर ते स्कूटरची किल्ली उचलतात.

सोसायटीने एकदा त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिन केलं. पहिल्याच रात्री त्यांनी ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ असं करून ठेवलं. ग्रुप कमालीचा शांत झाला. आठवड्याने कळलं की लोकांनी दुसरा ग्रुप काढलाय. काकांना वाईट वाटलं नाही. पहिला ग्रुप अजून शिस्तीत आहे, एवढं ते आवर्जून सांगतात.

त्यांना हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण आमच्या समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये विम्याचे नि बँकेचे कागद अडकले होते आणि घरच्यांना पासवर्ड ठाऊक नव्हता, तेव्हा बोलावलं काकांनाच. त्यांनी डिस्क बाहेर काढली, बायकोची सही घेतली, मालकी तिच्या नावावर केली, फोल्डर उघडलं आणि उठून भिंतीवरच्या कालनिर्णयचं मागचं पान वाचत उभे राहिले. त्या माउलीने हवे ते कागद शोधून होईपर्यंत वळले नाहीत. दुकानातला पोरगा वाकून बघत राहिला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्या घरातून त्याला फोन गेला नसता, हे नक्की.

गेल्या लग्नसराईत काकांचं एक काम मी शेजारी बसून पाहिलं. रविवार कारंजाकडचा एक डीटीपीवाला, माझ्या ओळखीचा. पत्रिका अजून पेजमेकर ७वर करतो. हे सॉफ्टवेअर २००१चं. त्या काळातल्या प्रोग्रामना वाटायचं की बसलेला माणूस मशीनचा धनीच आहे, म्हणून ते स्वतःच्या तात्पुरत्या फाइली सिस्टिमच्या फोल्डरांत बिनधास्त टाकायचे. साध्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. नवं मशीन आलं, अक्षरं बसवली, आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ टाइप करून सेव्ह दाबलं की परवानगी नाही. नवऱ्या मुलाचे मामा बाकावर बसून पाय हलवत होते.

डीटीपीवाला घायकुतीला आलेला. ‘काका, द्या ना एव्हरीवनला, माझी हरकत नाही.’

‘तुमची नसेल,’ काका म्हणाले. ‘सही करा.’

त्याने न वाचता सही ठोकली. काकांनी यादी उतरवून घेतली, पेजमेकरला नेमक्या कुठल्या फोल्डरात लिहावं लागतं ते एकेक करून शोधलं, तेवढ्यावरच ‘मॉडिफाय’ दिलं, बाकी जसंच्या तसं. मधल्या वेळात मामांनी दोनदा चहाचा आणि एकदा वरपक्षाच्या अब्रूचा विषय काढला. रात्री उशिरा पत्रिका सेव्ह झाली. निघताना काकांनी सुवाच्य अक्षरातला एक कागद पुढे ठेवला. ऑपरेटर मुलगी : पत्रिकांचं फोल्डर, वाचणे-लिहिणे. मालकाची पत्नी : हिशेबाचं फोल्डर. मालक : दोन्ही, परंतु फुल कंट्रोल नाही.

‘माझ्याच दुकानात मला नाही?’

‘रोजच्या वापराला ॲडमिन खातं नसावं. त्याचा पासवर्ड या पाकिटात. पाकीट माझ्या कपाटात राहील, लागेल तेव्हा फोन करा.’ काकांनी खिशातून लाख आणि काडेपेटी काढली आणि पाकिटावर थेंब टाकून अंगठीने दाबला. मग कळलं की त्या कपाटात निम्म्या जेल रोडची पाकिटं अशीच सीलबंद पडलेली आहेत. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा राउटर, एका शिकवणीवाल्या बाईंचं तर परीक्षेच्या पेपरांचं फोल्डर.

डीटीपीवाला पाकिटाकडे बघत राहिला. ‘म्हणजे सगळ्यांचा फुल कंट्रोल तुमच्याकडे? तुम्हाला कुणी दिला?’

काकांनी वही उघडली, पान शोधलं आणि बोट ठेवलं. ‘ही सही तुमचीच ना?’